अधिकाऱ्याचा ताईत

होळकरांचा इतिहास प्रामुख्याने माळव्यात घडला असला तरी त्याची पहिली पाने खानदेशातील आहेत. पित्याच्या निधनानंतर नीरेकाठच्या होळ या गावातून आईबरोबर निघालेला मल्हारराव वाढला तो तळोदे येथे, मामा भोजराज बारगळ यांच्या घरी. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात मोडते. पुढे 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख, खानदेशासह, इंग्रजांकडे गेला. हा तह घडवून आणणारा जॉन मॅल्कम हाच पुढे त्या घराण्याचा एक इतिहासकार ठरला. 1823 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात राजघराण्याच्या आतल्या एका खुनाची हकीकत आली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती बव्हंशी आख्यायिका म्हणून बाजूला ठेवली, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ती इतिहास म्हणून हाती घेतली नाही. दोन्ही ज्ञानशाखांच्या बांधावर पडून राहिलेल्या अशा मजकुरात काही वेळा फार मोलाचे असे काही सापडते.

हकीकत अशी. 1766 मध्ये मल्हारराव वारले व त्यांचा नातू, अहिल्याबाईंचा पुत्र मालेराव, गादीवर आला. वाड्यातील एका दासीशी कशिदा काढणाऱ्या एका कारागिराचे संबंध असल्याचा त्याला संशय आला व त्याने त्या कारागिराला ठार केले. कारागीर निरपराध असल्याचे नंतर स्पष्ट झाले. मालेरावाला पश्चात्तापाने वेड लागले. मृताच्या अंगी काही दैवी सामर्थ्य होते, मला मारू नकोस, नाहीतर भयंकर सूड घेईन, असे त्याने आधीच बजावले होते, अशी लोकांची समजूत होती. हे वेड म्हणजे त्याचेच पिशाच, असे मानले गेले. अहिल्याबाई मुलाच्या उशाशी रात्रंदिवस बसून त्या पिशाचाशी बोलत. तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जमीन तोडून देते, माझ्या मुलाला सोड, अशी त्यांची विनवणी होती. उत्तर एकच येई: मी निरपराध असता याने मला मारले, मला याचा जीव हवा. 1767 मध्ये, गादीवर आल्यापासून वर्षही पुरते उलटले नसता, मालेराव मरण पावला.

या संहितेत तपास आहे, पण तपास करणारा नाही. कारागिराचे निरपराधित्व सिद्ध झाले एवढे कळते; ते कोणत्या पंचांपुढे, कोणाच्या साक्षीने, हे कळत नाही. न्यायाधीशाची जागा रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेवर भूत येऊन बसले आहे. तेच फिर्यादी, तेच साक्षीदार, शिक्षा सुनावणारेही तेच. अहिल्याबाईंनी पुढे केलेल्या दोन गोष्टी, देऊळ आणि जमीन, या तत्कालीन व्यवहारात खुनाची भरपाई म्हणून सहज समजण्याजोग्या आहेत. भूत ती भरपाई नाकारते. राजाविरुद्धची फिर्याद जिवंत माणसाला मागे घ्यावी लागली असती, मेलेल्याला ती मागे घेण्याचे कारण उरत नाही. लोकमानसाने भूत कल्पिले ते अद्भुताच्या हौसेने नव्हे. वाड्याचा उंबरठा ओलांडू शकेल असा दुसरा अंमलदार त्या काळी त्याला दिसत नव्हता, म्हणून.

मौखिक परंपरेने मात्र पुढे ही कथा वेगळ्या वाटेने नेली. अहिल्याबाईंनी न्यायासाठी स्वतःच्या मुलाला हत्तीच्या पायी दिले, अशी आख्यायिका प्रचलित आहे. तिला ऐतिहासिक आधार नाही. तरीही दोन पाठांतील फरक अर्थपूर्ण आहे. पहिल्या पाठात आई आरोपीसाठी रदबदली करते, तर दुसऱ्यात तीच शिक्षा देते. भुताची जागा मातेने घेतली, राज्यकर्तीची प्रतिमा उजळली. आणि या उजळण्यात कारागीर, दासी व तो संशय कथेतून नाहीसे झाले. देवीस्वरूप आईच्या कथेला मेलेल्या कशिदाकाराचे तपशील परवडत नाहीत.

भुताने राजपुत्राला दोषी ठरवावे, असा हा माळव्यातला खटला. याच शतकात चीनमध्ये लिहिल्या गेलेल्या एका कादंबरीत भुताचा उपयोग नेमका उलट कामासाठी झालेला दिसतो. त्साव श्वेचिन हा 1763-64 च्या सुमारास, म्हणजे मालेरावाच्या आधी तीन-चार वर्षे, वारला. ‘लाल महालाचे स्वप्न’ ही त्याची कादंबरी हस्तलिखितांतून फिरत राहिली व 1791 साली छापली गेली. उतरणीला लागलेल्या एका सरदारघराण्याची ही विस्तीर्ण कथा प्रेमकथा म्हणूनच बहुधा वाचली जाते. पण तिच्या चौथ्याच प्रकरणात एक खून आहे.

लहानपणी पळवून नेलेली एक मुलगी. तिला विकत घेणारा फंग युआन तिच्यावर इतका लुब्ध होतो की यापुढे दुसरी स्त्री करणार नाही असे ठरवून तीन दिवसांनंतरच्या शुभ दिवसाची वाट पाहतो. त्या तीन दिवसांत मुलगी पळवणारा तिला दुसऱ्यांदा विकतो, श्वे घराण्याच्या उर्मट वारसाला. श्वे फानचे नोकर फंग युआनला मारहाण करतात, तो मरतो आणि श्वे फान मुलीला घेऊन निवांतपणे राजधानीकडे निघून जातो. खटला येतो नव्याने नेमलेल्या च्या यूत्सुन या अधिकाऱ्यापुढे. तो संतापून पकडहुकूम काढणार, तोच शेजारी उभा असलेला कचेरीतला शिपाई डोळ्याने खुणावतो. आतल्या दालनात गेल्यावर शिपाई खिशातून एक कागद काढतो. या प्रांतातील चार बड्या घराण्यांची ती यादी आहे. प्रत्येक अधिकाऱ्याने अशी यादी जवळ बाळगावी, या घराण्यांना दुखावले तर नोकरीच काय, जीवही जाईल, असे तो सांगतो. या यादीला त्याने दिलेले नाव आहे, अधिकाऱ्याचा ताईत.

तोडगाही शिपाईच सुचवतो. देवाचा कौल लावावा आणि जाहीर करावे की फंग युआनच्या भुताने श्वे फानला झपाटले व त्यातच तो मेला. मृताच्या नातलगांना पैसे द्यावेत. थोडे आढेवेढे घेऊन यूत्सुन प्रकरण मिटवतो. ती मुलगी आपल्या पूर्वीच्या उपकारकर्त्याची हरवलेली कन्या आहे, हे त्याला त्याच दालनात कळलेले असते. पुढे तो शिपायालाही काहीतरी खोट काढून दूर हद्दपार करतो, कारण त्याला फार ठाऊक असते.

चिनी वाचकाला या प्रकरणातील नावे आणखी काही सांगतात. ‘च्या यूत्सुन’ या नावातून कानाला ‘रचलेले बोल’ असा अर्थ ऐकू येतो. मुलीच्या पित्याच्या नावातून ‘खरे दडलेले’ असा ध्वनी निघतो. फंग युआन म्हणजे ‘अन्याय वाट्याला आलेला’ आणि त्या मुलीचे यिंगल्येन हे नाव ‘कीव करावी अशी’ असे ऐकू येते. खून दाबणाऱ्या न्यायाधीशाचे नावच ‘रचलेले बोल’ ठेवणाऱ्या लेखकाने कल्पित कथनाचा उगम फार धारदारपणे दाखवला आहे. जिथे तपास थांबतो तिथून रचना सुरू होते.

येथे रूपबंधाचा प्रश्न उपस्थित होतो. त्झ्वेतान तोदोरोव्ह याने 1966 मध्ये रहस्यकथेची दोन कथांत विभागणी केली: घडून गेलेल्या गुन्ह्याची कथा आणि आता घडणारी तपासाची कथा. ही विभागणी उपयुक्त खरीच, परंतु तिच्यामागे एक अनुच्चारित गृहीतक आहे. घरातला कोणीही, मालकापासून माळ्यापर्यंत, खुनी असू शकतो व कोणालाही प्रश्न विचारता येतो, हे ते गृहीतक. कायद्यापुढील समानता हा या रूपबंधाचा पाया आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून हा रूपबंध घरोघर पोचवला, तो नेमका शहरी, न्यायालये मानणाऱ्या समाजात. त्यांच्या लेखनाकडे विद्यापीठीय समीक्षेने केलेली डोळेझाक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चीनच्या जुन्या न्यायकथांचा संकेत निराळा होता. न्यायाधीश दी याच्या कथांचे 1949 साली इंग्रजी भाषांतर करणारे डच पंडित रॉबर्ट व्हान ख्यूलिक (हयग्रीवावर प्रबंध लिहिणारे हेच गृहस्थ) दाखवून देतात की या कथांत गुन्हेगार बहुधा आरंभीच ठाऊक असतो आणि भुताखेतांना मज्जाव नसतो. मग वाचकाची उत्कंठा कशावर टिकते? खून कोणी केला यावर नव्हे, तर न्यायाधीश त्याला हात लावील काय, यावर. सरंजामी घरातल्या खुनाचा खरा प्रश्न हाच आहे. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील खुनाविषयी रामशास्त्र्यांचे नाव अजून घेतले जाते ते त्यांनी गुन्हेगार शोधला म्हणून नव्हे. तो कोणाला ठाऊक नव्हता? त्यांनी तो तोंडावर सांगितला म्हणून. आणि ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईची कथा त्यांच्या निर्णयाइतकीच, किंबहुना अधिक, लोकप्रिय झाली, हेही विसरता येत नाही. गुन्हा दिवाणखान्यातून माजघरात ढकलण्याची ही जुनी रीत आहे.

मालेरावानंतर सुमारे दीडशे वर्षांनी होळकरांच्या वाड्याला पुन्हा एकदा हा प्रश्न विचारला गेला. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या पंचवीस वर्षांच्या धनिक व्यापाऱ्याची मोटार अडवण्यात आली. त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारी नर्तकी म्हणून दहा वर्षे राहून बाहेर पडलेली. हल्लेखोरांना ती हवी होती. बावला गोळ्यांनी मारला गेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोचले नसते तर बहुधा ती इंदूरला परत गेली असती व खटला उभाच राहिला नसता.

तपास मुंबई पोलिसांनी नेटाने केला. माग इंदूरपर्यंत पोचला, आरोपींत इंदूरच्या सैन्यातले सरदार आनंदराव फणसे होते आणि त्यांचे वकीलपत्र मोहम्मद अली जिना यांच्याकडे होते. न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे खटला चालला. तिघांना फाशीची व काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण येथे लागू पडत नाही, कारण शिक्षा झालेले संन्यासी नव्हते. पण या कृत्यामागे अशा काही व्यक्ती आहेत की ज्यांच्याकडे न्यायालयाला नेमके बोट दाखवता येत नाही, आणि महाराजांजवळ दहा वर्षे राहिलेल्या स्त्रीला पळवण्याचा प्रयत्न होतो तेव्हा इंदूरकडे पाहणे गैर नव्हे, या आशयाचे भाष्य न्यायमूर्तींनी केले. पुढे सरकारने महाराजांपुढे चौकशी आयोग किंवा राजत्याग असे दोन पर्याय ठेवले. फेब्रुवारी 1926 मध्ये तुकोजीरावांनी पुत्राच्या नावे गादी सोडली, ती या प्रकरणाशी आपला संबंध जोडणारी आणखी चौकशी होणार नाही या समजुतीवर. शिपायाच्या खिशातला तो कागद येथे रीतसर सरकारी पत्रव्यवहारात दिसतो.

आणि जिथे चौकशी थांबली तिथून, च्या यूत्सुनच्या कचेरीतल्याप्रमाणेच, रचना सुरू झाली. फरक एवढाच की विसाव्या शतकात भुतावर कोणाचा विश्वास बसला नसता, म्हणून ते काम प्रेमाकडे आले. सौंदर्यवती नर्तकी, तिच्यासाठी वेडा झालेला राजा, तिच्यासाठी प्राण गमावलेला तरुण, असा त्रिकोण तयार झाला. 1925 सालीच कोहिनूर फिल्म कंपनीने या प्रकरणावर होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली मूकपट काढला, त्याचे नाव ‘कुलीन कांता’. प्रेमकथेच्या या चौकटीत महाराजांचा राजत्याग त्यागासारखा दिसू लागतो. खून हा प्रीतीचा अतिरेक ठरतो. अतिरेकाला हुकूम देणारा लागत नाही, तो आपोआप घडतो. प्रेमकथा हा तपासाच्या रूपबंधाचा पूरक नव्हे, पर्याय आहे; आणि सत्तेला तो फार सोयीचा आहे.

मालेरावाच्या हकीकतीत तर प्रीतीही नव्हती, निव्वळ संशय होता. यिंगल्येन बालपण आठवत नाही एवढेच बोलते, आणि तेही शिपायाच्या तोंडून कळते. तिचे नाव कादंबरीत पुढे दोनदा बदलण्यात येते. मॅल्कमच्या वृत्तान्तातील दासीला नाव नाही, आणि भूतदेखील तिच्याविषयी शब्द काढत नाही. मुमताज बेगमचे तसे नाही. तिला न्यायालयात शपथेवर विचारले गेले व तिने उत्तरे दिली. इंदुरात आपल्यावर पाळत असे, कोणी भेटायला आले तरी सोबत पहारा असे, हे तिने सांगितले. आपल्याला मुलगी झाली, ती दायांनी मारली, त्यानंतर तेथे राहण्याची इच्छा उरली नाही, हेही सांगितले. मसुरीकडे नेले जात असता दिल्लीला ती गाडीतून उतरली होती आणि तिने परत चढण्यास नकार दिला होता. या साक्षीत एक दुसरा मृत्यू आहे. त्याचा तपास मलबार हिलच्या खटल्याचा विषय नव्हता, आणि प्रेमाच्या त्रिकोणात त्या मुलीसाठी चौथा कोन नाही.