चौघांचं कडं

गेल्या खरिपापासून माझा उजवा अंगठा थरथरतो. सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर कव्हर स्लिप दाबताना तो जरा सरकला की पेशी घासल्या जातात आणि गुणसूत्रांचा चिखल होतो. म्हणून दाबायचं काम आता मानोऱ्याकडच्या माझ्या विद्यार्थिनीकडे. मी फक्त बघतो.

माझा जीव अडकलाय तो एका कड्यात. आपल्याकडचा देशी कापूस म्हणजे आर्बोरियम, भरूचकडचा हर्बेशियम. दोघांचीही गुणसूत्रं 26. हर्बेशियमचा रानटी भाऊ आफ्रिकेच्या दक्षिणेत उगवतो, त्याचीही 26. नुसतं मोजून फरक कळत नाही. आर्बोरियम-हर्बेशियमचा संकर केला की कळतो: 13 जोड्यांऐवजी 11 जोड्या आणि 4 गुणसूत्रांचं एक कडं. कधीकाळी दोन गुणसूत्रांनी आपली टोकं बदलून घेतली, म्हणून आता चौघं एकत्र आल्याशिवाय जुळत नाहीत. गर्स्टेल या शास्त्रज्ञानं हे 1953 मध्येच छापलंय. पण ते पातीतल्या, म्हणजे कोवळ्या कळीतल्या, परागकोषात पकडायचं म्हणजे! पाती उशिरा तोडली तर जोड्या सुटलेल्या, लवकर तोडली तर सगळा गुंता. त्यात कापसाची गुणसूत्रं बारीक आणि चिकट. दोन जोड्या नुसत्या शेजारी पडल्या तरी कडंच वाटतं.

वाशीमच्या शिवारात आता 52 गुणसूत्रांचा अमेरिकन कापूसच दिसतो. 2002 नंतर बीटी संकर आले आणि हलक्या जमिनीत, कमी पाण्यात तग धरणारा देशी वाण धुऱ्यावरूनही गेला. तो असा जाऊ दिला, हे चुकलंच. संशोधनातल्या नव्या मंडळींना तर जनुकक्रम वाचला की पेशी बघायची गरजच वाटत नाही. वाचा, पण डोळ्यांनी बघाही.

परवा माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, कडं." वाकून पाहिलं. चौघं, टोकाला टोक लावून, मधे स्वच्छ पोकळी. "असली मी पुष्कळ पाहिलीत," मी म्हणालो. खोटं होतं ते. इतकं उघडं कडं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझ्या वहीतली कितीतरी कडी शेजारी पडलेल्या दोन जोड्यांचीच आहेत. मला कडं हवं होतं म्हणून मी ते काढलं, आणि लोकांना मिरवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वही तिच्यापुढे ठेवली आणि संशय असलेलं प्रत्येक चित्र तिच्यादेखत खोडलं.

पुढच्या हंगामात तिला पुन्हा संकर करायचाय. म्हणून कारंजा, मंगरूळपीरकडे कुणाच्या धुऱ्यावर जुनं देशी झाड उरलं असेल तर ते उपटू नका. मूठभर सरकी राखून ठेवा.