पिसदुऱ्याच्या शेतातील साक्ष

धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बेलूर नावाचे गाव लागते. आज ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळेच अधिक ओळखले जाते. तेथे आमच्या बहिणीचे बिऱ्हाड आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाहुणे म्हणून गेलो असता बारा वर्षांच्या भाच्याने एक जड, काळपट, मांडीच्या हाडासारखा लांबट दगड आमच्यापुढे आणून ठेवला. घराचा पाया खणताना तो निघाला होता. "मामा, हे डायनोसोरचे हाड आहे ना?" त्याने विचारले.

प्रश्न एवढ्यावरच थांबला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या दगडावरून घरात वाद पेटला होता. आजोबांचे म्हणणे असे, की असली हाडे म्हणजे नोहाच्या जलप्रलयात बुडालेली जनावरे. आणि जग निर्माण होऊन कोट्यवधी वर्षे झाली असे जे म्हणतात ते देवाला मानत नाहीत. मुलाच्या पुस्तकात तर ती कोट्यवधी वर्षे स्पष्ट छापलेली. रात्री अंगणात तो हळूच म्हणाला, "मामा, खोटे कोण बोलते? आजोबा की पुस्तक? आणि पुस्तक खरे असेल तर मग मिस्सेला जाऊन काय उपयोग?"

मुलाच्या मनात असा प्रश्न उभा राहिला म्हणजे वडीलधाऱ्यांनी हसून तो टाळणे हे पाप आहे, असे आम्हांस वाटते. त्या रात्री आमच्याजवळ धड उत्तर नव्हते. चौकशी करता कळले, की डायनोसोरांची खरी हाडे पाहावयाची तर बेलुरास नव्हे, आपल्या महाराष्ट्रातच, चंद्रपूर जिल्ह्यात जावयास हवे. पावसाळा सरताच आम्ही निघालो.

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा हे तालुक्याचे गाव लागते. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन खेडी आहेत. तेथे ना भव्य दार, ना तिकिटाची खिडकी. चहूकडे शेते आणि मधूनमधून उघडी पडलेली तांबडी, हिरवट माती. भूगर्भशास्त्रज्ञ या थराला 'लमेटा' म्हणतात. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून झाला, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशावर पसरला. त्याच्या खाली हा थर दबून राहिला. जेथे वरचे आवरण झिजले, तेथे नांगराच्या फाळाला त्या जुन्या जगाची चिन्हे लागतात.

या भागातील जीवाश्मांकडे आरंभी लक्ष वेधणाऱ्यांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे होते. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु सुवार्ता सांगता सांगता त्यांनी विदर्भातील दगडमाती ज्या आस्थेने अभ्यासिली, तिला तोड नाही. १८६३ साली ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे इंग्रज संशोधक मॅटली यांनी पिसदुऱ्याच्या एका विलक्षण वस्तूवर १९३९ साली निबंध लिहिला. ती वस्तू म्हणजे दगड झालेली विष्ठा!

वाचकांनी नाक मुरडू नये. याच दगडी शेणाने जगाला एक नवी गोष्ट शिकविली. गवताच्या पेशींत वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. गवत कुजले तरी ते कण टिकतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या या दगडांत तसे कण आढळले, आणि २००५ साली त्यांनी ते जाहीर केले. डायनोसोरांच्या काळी गवत नव्हते अशी तोवर समजूत होती. त्या गवतांत आपल्या भाताचे आणि बांबूचे दूरचे सोयरेही होते!

पण महाकाय प्राणी कोठे आहे? त्याची कथा शेजारच्या डोंगरगावची. तेथील टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका प्रचंड शाकाहारी डायनोसोरचा सांगाडा खणून काढला. मणके, फासळ्या, कमरेची हाडे आणि पुढचा पाय मिळाला; डोके आणि मागचे पाय मात्र मिळाले नाहीत. १९९७ साली जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'इसिसॉरस' हे नाव मिळाले. त्याची लांबी १८ मीटरपर्यंत असावी असा एक अंदाज आहे. म्हणजे दोन मोटारबसा एकीमागे एक उभ्या कराव्यात तेवढी!

टेकडीजवळ उभे राहून आम्ही फार वेळ बोललो नाही. ईयोबाला परमेश्वराने विचारलेला प्रश्न आठवला: पृथ्वीचा पाया घातला जात असता तू कोठे होतास? तो ग्रंथ आम्ही कितीदा वाचला असेल; पण त्या प्रश्नाचे वजन तेथे प्रथम जाणवले.

आता भाच्याच्या शंकेकडे वळतो. खडकांचे थर एकावर एक साचतात, तळचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा भूगर्भशास्त्राचा मूळ नियम १६६९ साली मांडणारे नील्स स्टेन्सन हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ होते. दगडांत सापडणारे 'जिव्हाश्म' हे वस्तुतः शार्क माशाचे दात आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. हेच गृहस्थ १६६७ साली कॅथलिक झाले, पुढे धर्मगुरू आणि बिशप झाले. आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. जीवाश्म वाचण्याची विद्या ज्यांनी घडविली, त्यांपैकी एकाला ख्रिस्तसभेने वेदीचा मान दिला आहे. मग भिण्याचे कारण काय? पवित्र ग्रंथ वाचताना त्यातील लेखनाचे निरनिराळे प्रकार ओळखावेत, असे पोप पायस बारावे यांनी १९४३ सालीच शिकविले. उत्पत्तीचे पुस्तक जग कोणी निर्माण केले आणि कशासाठी, हे सांगते. वर्षांचा हिशेब सांगण्यासाठी ते लिहिलेले नाही. तो हिशेब दगडांत आहे, आणि दगडही त्याच निर्मात्याचे.

परतताना एका शेतकरी दादांनी शेणगोळ्यासारखा एक दगड आम्हांस देऊ केला. मोह फार झाला. परंतु जो तो एकेक नेऊ लागला तर उद्या अभ्यासकांना काय उरेल? आम्ही तो जेथे होता तेथेच ठेवण्याची विनंती केली. दादा हसून म्हणाले, "बरं हाय, त्यायचं त्यायलेच राहू द्या."

नाताळच्या सुटीत बेलुरास गेलो आणि भाच्याला खरे ते सांगितले. त्याचा दगड हाड नव्हे. धारवाडचा तो खडक डायनोसोरांहून कितीतरी जुना, अडीचशे कोटी वर्षांच्याही पलीकडचा; रॉबर्ट ब्रूस फूट यांनी त्या खडकांना धारवाडचेच नाव दिले. ते घडले तेव्हा हाडे असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. मुलगा क्षणभर हिरमुसला. मग त्याने विचारले, "म्हणजे माझा दगड डायनोसोरचाही आजोबा?"

खाटेवर बसलेल्या आजोबांनी माळ थांबविली. स्टेन्सन बिशपांची हकीगत त्यांनी आमच्याकडून दोनदा ऐकली. नोहाचा प्रलय त्यांनी सोडला असे नाही. तो वाद अजून चालूच आहे. परंतु तो दगड आता गव्हाणीत मेंढपाळांच्या मागे टेकडी म्हणून मांडला होता, आणि तो तेथे आजोबांनीच ठेवला, असे बहीण म्हणाली. रविवारी नातू त्यांचा हात धरून मिस्सेला गेला.