शिलाँगचा पाऊस आणि बाबांची गिटार

गुवाहाटीहून शेअर सुमोने निघालं की साधारण १०० किलोमीटरवर शिलाँग येतं. वाटेत उमियम तलाव दिसला आणि गाडीतल्या सगळ्यांनी मोबाइल काढले. माझे दोन्ही हात मात्र मांडीवरच्या गिटारवर होते.

ही गिटार बाबांची, कॉलेजात असताना घेतलेली. गेली चार वर्षं ती आमच्या इंदूरच्या घरी कपाटावर पडून होती. "बोटं दुखतात गं आता," म्हणून त्यांनी ती ठेवून दिली. वय झालं, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. मी थोडंफार वाजवते, म्हणून सोबत घेऊन निघाले.

शिलाँगमध्ये गिटार कुणाला नवीन नाही. इथले गायक लू माजाव १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलन यांचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आले आहेत. खासी लोकांचं स्वतःचं तंतुवाद्यही आहे, दुइतारा. त्याला पूर्वापार मुगा रेशमाच्या तारा लावतात.

आमच्या होमस्टेच्या मालकांना सगळे 'बाह' म्हणायचे. खासीत मोठ्या माणसाला मानाने असंच म्हणतात. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी मी वाजवत असताना तार तुटली. बाहनी गिटार हातात घेतली, तारांवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं.

"गंजल्यात. आणि केवढ्या जाड! वाजवतं कोण ही?"

मी बाबांचं सांगितलं. ते हसले. "बोटांचा दोष नाही, तारांचा आहे."

दुसऱ्या दिवशी पोलीस बाजारातल्या दुकानात त्यांनी मला तारा निवडायला शिकवलं. पाकिटावरचा आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. बाबांच्या गिटारवर १३ चा संच होता. १२ चा सर्रास वापरतात, १० चा बोटांना सगळ्यांत हलका. आवाज थोडा लहान होतो, पण तार दाबायला जोर कमी लागतो. फॉस्फर ब्राँझचा आवाज उबदार, ८०/२० ब्राँझचा जास्त खणखणीत. शिलाँगसारख्या दमट हवेत लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी जास्त टिकतात. "इंदूरला साध्या चालतील," म्हणत त्यांनी फॉस्फर ब्राँझचा १० चा संच माझ्या हातात ठेवला.

संध्याकाळी लाल चहा पीत आम्ही तारा बदलल्या. तुम्हालाही घरी जमेल:

• जुनी तार आधी पूर्ण सैल करा. ताणलेली तार कापू नका, ती उसळून डोळ्याला लागू शकते.
• ब्रिजवरची पिन हळूच उपसा. नव्या तारेचं गोळी असलेलं टोक भोकात घाला. पिनची खाच तारेच्या बाजूला ठेवून पिन दाबा आणि तार वर ओढून गोळी घट्ट बसल्याची खात्री करा.
• खुंटीपुढे साधारण दोन इंच तार जास्तीची ठेवा. दोन-तीन वेढे बसतील, प्रत्येक वेढा आधीच्या खाली.
• सुरात लावा, तार हलकेच ताणा, पुन्हा सुरात लावा. नवी तार सुरुवातीला उतरतेच.
• उरलेलं टोक शेवटी कापा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा.
• नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. त्या ताणाने ब्रिज उखडू शकतो.

निघताना मी "खुब्लेई" म्हणाले. खासीत धन्यवाद.

घरी आल्यावर काही न बोलता गिटार बाबांच्या हातात दिली. त्यांनी एक कॉर्ड दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "अगं, ही दुखतच नाही!" त्या रात्री ते दहा मिनिटं वाजवत बसले, अडखळत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता गिटार कपाटावर नसते, बैठकीत असते.

तुमच्या घरात कुणी आवडीचं वाद्य बाजूला ठेवलं असेल, तर वयाला दोष देण्याआधी एकदा तारा बघा.