मोड आणि जोड

विषाणूंच्या आरएनएमधील नियंत्रक क्रमांचा शोध घेणे हे ज्याचे नित्याचे काम आहे, त्याच्या मनावर एक गोष्ट कायमची ठसते, ती ही की, क्रम मोडून पाहणे सुलभ असले तरी मोडलेले पुन्हा जोडून दाखविल्यावाचून आपल्या अनुमानाला प्रामाण्य लाभत नाही.

माझा विषय डेंग्यूचा विषाणू. सुमारे 10,700 न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे रासायनिक अक्षरांचा, त्याचा एकेरी आरएनए-धागा पेशीत शिरताच स्वतःच हुकूम होऊन रायबोसोमांकडून प्रथिने घडवून घेतो, आणि पुढे त्याच अस्सल दस्तऐवजावरून नकलाही निघतात. परंतु रायबोसोम आरंभाकडून अखेरीकडे जातो आणि नक्कल करणारे पॉलिमरेझ उलट दिशेने येते, म्हणून हुकुमाची अंमलबजावणी आणि नक्कल ही दोन्ही कामे एका धाग्यावर एकाच वेळी निर्वेध चालणे शक्य नसते. त्यातून पॉलिमरेझला थारा देणारी घडी धाग्याच्या आरंभी, तर नकलेचा प्रारंभ अखेरच्या टोकाशी! दोन्ही टोकांजवळचे परस्परपूरक क्रम जुळून धागा वर्तुळाकार होतो, तेव्हाच पॉलिमरेझ इष्ट स्थळी पोहोचते, हे ब्युनोस आयर्सच्या आंद्रेआ गामार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली दाखविले.

याची परीक्षा घेताना विषाणूच्या बाह्यांगाची जनुके बहुतांशी काढून तेथे ल्युसिफरेझ या प्रकाश उमटविणाऱ्या प्रथिनाचे जनुक बसवितात; मात्र पहिल्या जनुकाचा आरंभ राखावाच लागतो, कारण आरंभाकडील एक पूरक क्रम त्यात दडलेला असतो. असा आरएनए पेशींत सोडल्यावर पहिल्या काही तासांत दिसणारा प्रकाश केवळ प्रथिननिर्मितीचा असतो, आणि तो ओसरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढतो तो नकलांचा. एका टोकाची मोजकी अक्षरे पालटली की पहिला प्रकाश अबाधित राहतो, दुसरा उमटतच नाही. तथापि त्या फेरफाराने अन्य काही बिघडले नसेल कशावरून? म्हणून दुसऱ्या टोकाचीही अक्षरे पहिल्याशी जुळतील अशी पालटावयाची. मग मूळची अक्षरे दोन्हीकडे नाहीशी झालेली असूनही, केवळ जुळणी परत आल्यामुळे, दुसरा प्रकाश चढू लागतो.

पुढे असेही आढळले की धाग्याच्या सरळ आणि वर्तुळाकार या दोन रूपांमधील समतोल ढळला, तर विषाणूची वाढ खुंटते. म्हणजे जुळणे जितके आवश्यक, तितकेच वेळीच सुटणेही. अशा नाजूक व्यवस्थेत एखादे अंग तोडल्याने ते आवश्यक होते एवढेच सिद्ध होते. ते नेमके काय करीत होते, हे सांगण्याचा अधिकार मात्र जोडून दाखविणाऱ्यालाच मिळतो, आणि हा अधिकार कष्टाने मिळविण्यातच मला या विद्येची खरी प्रतिष्ठा वाटते.