जाळें आणि जागा

व्हॉलीबॉल हा खेळ आम्हांस आवडतो तो त्यांतील दोन नियमांमुळें. चेंडू पकडून ठेवतां येत नाहीं. आला कीं तत्काळ पुढें धाडावा लागतो. आणि सर्व्हिसचा हक्क परत मिळाला कीं साऱ्या गड्यांना एकेक जागा सरकावें लागतें. आतां जाळ्यापाशीं असलेला थोड्याच वेळांत मागें जातो. राजकारणांत नेमकें उलट. हातीं आलेलें सोडावयाचें नाहीं आणि बसल्या जागेवरून हलावयाचें नाहीं, हेंच तेथलें कसब! मग मैदानावर वाढलेला मनुष्य तेथें शिरला, म्हणजे खेळाची कोणती शिकवण त्याच्या उपयोगीं पडते?

केरळांतील माणी सी. काप्पन यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. वडील लोकसभेचे सदस्य होते. चिरंजीवांनीं मात्र आधीं व्हॉलीबॉलचें मैदान गाठलें, राज्याच्या संघांतून नांव मिळविलें आणि मग मलयाळम् चित्रपटांच्या धंद्यांत पाऊल टाकलें. पुढें ते निवडणुकीस उभे राहिले ते कोट्टायम जिल्ह्यांतील पाला मतदारसंघांत, आणि तेंहि १९६५ पासून तेथें सतत निवडून येणाऱ्या के. एम. माणी यांच्यासमोर. २००६, २०११ व २०१६ अशा तिन्ही खेपांस काप्पन पडले. एप्रिल २०१९ मध्यें माणी वारले. त्याच वर्षींच्या पोटनिवडणुकींत शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार म्हणून काप्पन २९४३ मतांनीं विजयी झाले.

आम्हां पांढरपेशांच्या घरीं मुलाला परीक्षेंत एकदां अपयश आलें, तर आठ दिवस सुतक पडल्यासारखें वाटतें. खेळाडूला पराभव नित्याचाच. संध्याकाळीं हरावें आणि सकाळीं पुन्हां सरावास हजर व्हावें. तीन पराभवांनंतर चौथ्यांदा त्याच मतदारांपुढें हात जोडण्याचें बळ या संवयीनेंच दिलें असावें, असें आम्हांस वाटतें.

गोष्ट येथेंच संपती, तर ती क्रमिक पुस्तकांत शोभली असती. परंतु २०२० सालीं माणींचे चिरंजीव जोस के. माणी यांचा पक्ष काप्पन यांच्याच डाव्या आघाडींत आला. पालाची जागा आतां त्यांच्याकडे जाणार, असें दिसूं लागलें. तेव्हां २०२१ च्या निवडणुकीपूर्वीं काप्पन जाळ्यापलीकडे काँग्रेसच्या आघाडींत गेले, आणि जोस माणींना पंधरा हजारांहून अधिक मतांनीं हरवून त्यांनीं ती जागा राखली.

व्हॉलीबॉलमध्येंहि डाव संपला कीं बाजू बदलतात; पण तेव्हां सारा संघ बरोबर असतो. येथें दोघांनींहि संघ बदलले, आणि मतदारांनीं एकाला पसंत केलें. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. एवढेंच म्हणावेंसें वाटतें कीं, हरून उभें राहण्याचा धडा मैदानावरून विधानसभेपर्यंत सुखरूप पोंचला. जागा सोडून मागें सरकण्याचा धडा मात्र वाटेंतच राहिला. तो तेथवर नेणारा खेळाडू आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं.