सोनेगावची मध्यरात्र

गेल्या वर्षी सातवीच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, दिल्लीहून मुंबईला सरळ जाता येत असताना बाबासाहेबांचे पार्थिव नागपूरमार्गे का नेले?" नकाशावर मोजपट्टी ठेवून त्याने हिशेबच केला होता. दिल्ली-मुंबई हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. दिल्ली-नागपूर साडेआठशे आणि पुढे मुंबई सातशेच्या आत-बाहेर, म्हणजे वाट जवळजवळ चारशे किलोमीटरने वाढली.

आम्ही सांगितले की, त्या काळी रात्रीच्या विमानवाहतुकीचे नागपूर हे केंद्रच होते. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालविमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरत. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे सांगता येते. उरलेले आमच्या घरातले होते, ते वर्गात सांगवले नाही.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, १९५६ साली चौदा वर्षांचे होते आणि सीताबर्डीतील एका कापडदुकानात कामाला होते. ११ ऑक्टोबरला बाबासाहेब विमानाने नागपुरास आले व सीताबर्डीतीलच श्याम हॉटेलात उतरले. डोक्यावर गठ्ठा घेऊन दादा मुद्दाम त्या वाटेने जात. १४ तारखेला त्यांनी आमच्या आजीसोबत दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली.

त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी ती वार्ता आली. विमान रात्री सोनेगावला थांबणार असे कळताच वस्ती निघाली. दुकानदार मात्र म्हणाला, "दुकान वाढव, मग जा." त्या दिवशी कपाटातली ठाणे पुन्हा मोजायला काढली गेली. दादा सुटले तेव्हा बरीच रात्र झाली होती. सहा-सात किलोमीटरची वाट, डिसेंबरची थंडी, पायांत काही नाही. विमानतळ जवळ आला असता डोक्यावर घरघर ऐकू आली. विमान उतरते आहे असे समजून दादा जिवाच्या आकांताने धावत सुटले. ते उतरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार होते. रेल्वेने मुंबई ८३७ किलोमीटर. भाड्याचे पैसे नव्हते, आणि असते तरी वेळेत पोहोचणे कठीणच. त्या मध्यरात्रीच्या गर्दीविषयी लिहिलेले आम्ही वाचले आहे. उशिरा पोहोचलेल्यांविषयी कोठे काही आढळले नाही, आणि आम्ही शोधले होते.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही दादांना विमानाने मुंबईस नेले. त्यांचा तो पहिला विमानप्रवास. दीड तास ते खिडकीशी मनगटावरचे घड्याळ पाहत बसले. चाके टेकल्यावर म्हणाले, "म्हणजे मी त्या रात्री पायी घरी पोचलो, तोवर बाबासाहेब मुंबईत पोचले असतील."

त्या वेळची पंख्यांची विमाने फार सावकाश जात. या अंतराला त्यांना आजच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागे. हे आम्हांस ठाऊक होते, पण आम्ही बोललो नाही.

चैत्यभूमीच्या रांगेत आम्ही पाच तास उभे होतो. मध्ये एकदा "दादा, थोडं बसता का?" म्हणून विचारले.

"राहू दे," ते म्हणाले, "आता काही घाई नाही."