सूर्यघड्याळावरचं नाव

ठाकूरद्वार, मुंबई

चि. मृण्मयीस,


इटलीतल्या माँटोनेच्या सूर्यघड्याळाचा तुझा फोटो परवा रात्री मिळाला. खाली तू विचारलंस, "काका, हे यशवंत घाडगे आपल्याकडचेच ना?" फोनवर दोन ओळींत उत्तर देऊन झालं असतं. पण त्या प्रश्नाने तुझे आजोबा, आमचे अण्णा, आठवले आणि मग झोप लागली नाही. सकाळी कागद घेऊन बसलो.

हो, आपल्याकडचेच. माणगाव तालुक्यातलं पळसगाव. माणगाव तू पाहिलं आहेस, काळ नदीकाठचं. लहानपणी गावी जाताना तुला पेणपासून गाडी लागायची आणि माणगाव आलं की लिंबू-सरबत मिळायचं, तेच. तिथे तहसील कचेरीसमोर ज्यांचा पुतळा आहे, ते हे यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, तू राहतेस त्याच टायबरच्या खोऱ्यात पडले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तुझंही आज तेवढंच वय.

त्या दिवशी काय झालं ते अण्णांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथे होतो असं वाटतं. शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला आणि यशवंतच्या तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उरला हा एकटा. हा सरळ त्या मोर्च्यावर धावून गेला. हातबॉम्ब टाकून बंदूक आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, आणखी एकाला टॉमी गनने टिपलं. मग गोळ्या संपल्या. नवं मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक उलटी केली, नळी मुठीत धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडून मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जो मोर्चा जिंकला, त्यातच प्राण गेला. त्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे सांगताना अण्णा नेहमी त्या नळीपाशी थांबायचे. तुझे आजोबा गिरगावात टाइप फाउंड्रीत कामाला होते, हे तुला ठाऊक आहे. छापखान्याचे खिळे ओतायचे. शिशाचा रस उडून त्यांच्या उजव्या तळव्यावर पांढरे डाग पडले होते. तो तळवा माझ्यापुढे धरून ते म्हणायचे, "गोळ्या सुटून सुटून नळी तव्यासारखी तापते. चटका बसला की हात आपोआप सुटतो, माणसाने ठरवावं लागत नाही. त्याने सोडली नाही." लहानपणी मला व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण ते डाग कळत होते. आजही यशवंत घाडगे म्हटलं की मला अण्णांचा हात दिसतो.

अण्णांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बातमी आली ती मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाच्या वर्षी, एवढंच सांगायचे. स्फोट एप्रिलमधला, १४ तारखेचा. त्यात एक सोन्याची वीट उडून एका पारशी गृहस्थाच्या घरावर येऊन पडली होती. क्रॉस जाहीर झाला नोव्हेंबरात. अण्णांच्या बोलण्यात मात्र दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडायच्या. मी कधी दुरुस्त केलं नाही.

चाळीत यावरून वादही व्हायचा. गवालिया टँक इथून फार लांब नाही, 'चले जाव'ची सभा ऐकून आलेली माणसं आपल्याच मजल्यावर राहत होती. ती म्हणायची, इंग्रजांसाठी मेला, त्याचं काय कौतुक? अण्णा स्वतः खादी वापरायचे, पण हे त्यांना सहन होत नसे. कोकणात भाताचं एक पीक. ते संपलं की पोराने एक तर मुंबई गाठायची, नाही तर पलटण. "मी मुंबईला आलो, तो पलटणीत गेला. घरी मनिऑर्डर दोघांचीही जायची." मला अण्णांचं पटतं. भुकेने भरती झालेल्या पोराला आपण 'कुणासाठी लढलास?' असं विचारू नये.

त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांना पुढच्याच वर्षी इटलीतच, सेनियो नदीवर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते जिवंत परतले. जिंकून आलेल्याला वेशीवर ओवाळतात, ढोल-लेझीम लावून गावात नेतात. यशवंतच्या नशिबी ते नव्हतं. पदक व्हाइसरॉयच्या हातून त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी घेतलं. थडगंही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. इटलीत आपले ५,७८२ सैनिक गेले, त्यातलं ते एक. २०२३ च्या जुलैमध्ये माँटोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं, त्याची बातमी मी कात्रण काढून अण्णांच्या तसबिरीमागे ठेवली आहे. त्या घड्याळावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा आहे म्हणे.

अण्णांच्या म्हातारपणी त्यांना माणगावला पुतळ्यापुढे नेलं होतं. त्यांनी टोपी काढली आणि उजवा हात चौथऱ्यावर टेकवून उभे राहिले. दुपारचं ऊन, दगड तापलेला. मी म्हटलं, अण्णा, हात भाजेल. त्यांनी काढला नाही.

बाळ, एक बोलतो, राग मानू नकोस. हल्ली तू मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितेस. 'घाडगे' तू तसंच लिहिलंस आणि मला तीनदा वाचावं लागलं. अण्णांनी याच अक्षरांचे खिळे ओतून तुझ्या बाबांना शिकवलं. आपली अक्षरं सोडू नकोस. आणि रात्रीचं जेवण टाळू नकोस. मेतकूट आणि गोडा मसाला पाठवला आहे, डबा मिळाला की कळव. चाळीचे कागद पुनर्विकासाला गेलेत. तू येशील तेव्हा ही गॅलरी असेल की नाही, सांगवत नाही. म्हणून दिवाळीला ये.

आता काम सांगतो. येत्या १० जुलैला माँटोनेला जा. अण्णांच्या नावाने एक फूल ठेव. आणि तिथल्या लोकांना ते नाव नीट म्हणायला शिकव. 'घा' लांब म्हणायचा, 'ड' नंतर थांबायचं नाही. घाडगे. यशवंत घाडगे.

तुझा,
काका